धक्का हलका, नेम पक्का

अमेरिकेत पानगळीचा मोसम सुरू झाला, की लक्षावधी लोक रायफली घेऊन हरणांच्या शिकारीला बाहेर पडतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे पर्व संपुष्टात आणले. अमेरिकेत मात्र परवाना, ठरावीक हंगाम आणि ठरवून दिलेली संख्या या चौकटीत हरणांची शिकार आजही कायदेशीर आहे. १९३७ मध्ये तेथे झालेल्या एका कायद्यामुळे बंदुका आणि काडतुसांवरील केंद्रीय कराचा पैसा वन्यजीवांच्या संवर्धनासाठी राज्यांना मिळतो. दर वर्षी या शिकाऱ्यांत नवशिक्यांची भर पडते आणि प्रत्येक नवशिक्यापुढे पहिला प्रश्न एकच असतो. रायफल कोणत्या कॅलिबरची घ्यावी?

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीचा आतला व्यास. इंचाच्या शतांशात किंवा मिलिमीटरमध्ये तो सांगितला जातो आणि त्यावरूनच काडतुसाला नाव मिळते. दुकानाच्या फळीवर अशी डझनावारी काडतुसे मांडलेली असतात आणि प्रत्येकाचे भक्त वेगळे. विसाव्या शतकाची तीनहून अधिक दशके या प्रश्नाचे उत्तर शोधणारा सामान्य अमेरिकन माणूस एका लेखकाकडे वळत असे. त्या लेखकाचे नाव जॅक ओकॉनर. बंदुकांविषयी लिहिणारे त्यांच्याआधीही होते आणि नंतरही झाले. परंतु काडतुसाची निवड हा ताकदीचा नसून नेमाचा आणि पर्यायाने सावजाच्या वेदनेचा प्रश्न आहे, हे ओकॉनर यांच्याइतके सातत्याने क्वचितच कोणी मांडले असेल.

वाळवंटातील धडे

जॅक ओकॉनर यांचा जन्म २२ जानेवारी १९०२ रोजी ॲरिझोनात झाला. तेव्हा ॲरिझोनाला राज्याचा दर्जाही मिळाला नव्हता. तो मिळण्यास आणखी दहा वर्षे जायची होती. आईवडील लवकर विभक्त झाले. टेम्पी या त्या वेळच्या लहानशा गावात वाढताना जॅकच्या जडणघडणीवर मोठा ठसा उमटला तो आजोबांचा. घोडागाड्यांचे ते दिवस, उन्हाने भाजून निघालेला मुलूख, निवडुंगांची राने आणि त्यांत बागडणारे लावे व ससे यांचे चित्र त्यांनी पुढे, १९६९ मध्ये, आपल्या बालपणाच्या आठवणींच्या पुस्तकात रेखाटले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात किशोरवयातच ते लष्करात गेले. नंतर नौदलातही त्यांनी काही काळ काढला. मग शिक्षणाची ओढ त्यांना पुन्हा वर्गात घेऊन आली. १९२५ मध्ये अर्कान्सा विद्यापीठातून पदवी आणि १९२७ मध्ये मिझुरी विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून ते अध्यापनाकडे वळले. त्याच वर्षी एलिनॉर बॅरी हिच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांची पहिली कादंबरी १९३० मध्ये आणि दुसरी १९३८ मध्ये प्रसिद्ध झाली. १९३४ पासून ट्युसॉन येथील ॲरिझोना विद्यापीठात ते पत्रकारितेचे प्राध्यापक होते. मंदीचा तो काळ होता. चार मुलांचा संसार प्राध्यापकाच्या पगारात भागत नव्हता. मिळकतीला जोड म्हणून त्यांनी नियतकालिकांसाठी शिकारकथा लिहायला घेतल्या. ही जोडच पुढे त्यांचे जीवितकार्य झाली.

सुट्टी मिळाली, की ओकॉनर ॲरिझोनातील डोंगरांत किंवा सीमेपलीकडे मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतात भटकत. तेथे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची एक लहानखुरी जात आढळते. तिचा पूर्ण वाढलेला नरही सुमारे ४५ किलोंचा, म्हणजे आपल्या चितळाच्या नरापेक्षा बराच हलका. करड्या खडकांत आणि काटेरी झुडपांत हे हरीण असे मिसळून जाते, की हलल्याशिवाय ते दिसतच नाही. दिसते तेव्हा बहुधा दरीच्या पलीकडच्या उतारावर, क्षणभर. याच मुलखात खेचरासारख्या लांब कानांची मोठी हरणे आहेत आणि वाळवंटी कड्यांवर राहणाऱ्या, मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्याही आहेत.

या भूगोलाने ओकॉनर यांना शिकारीचे पहिले गणित शिकवले. सावज लहान, अंतर अधिक आणि वेळ अपुरा. अशा ठिकाणी अवजड रायफल खांद्यावर घेऊन डोंगर चढणारा माणूस वरपर्यंत पोहोचतो तो धापा टाकीतच. गोळी संथ असेल तर तिचा मार्ग कमानीसारखा वाकतो आणि अंतराच्या अंदाजात थोडी चूक झाली, तरी ती सावजाच्या पायाखालून निघून जाते. या मुलखाला हवी होती वाहून नेण्यास हलकी, सरळ मारा करणारी आणि खांद्याला न सोलणारी रायफल.

एका काडतुसाचे भाष्यकार

असे काडतूस १९२५ मध्ये बाजारात आले. विंचेस्टर कंपनीने आपल्या नव्या रायफलीसाठी ते तयार केले होते. त्याचे नाव .२७० विंचेस्टर. त्याची मूळ कल्पना जुन्याच काडतुसातून निघाली होती. अमेरिकी लष्कराने १९०६ मध्ये .३०-०६ हे काडतूस स्वीकारले होते आणि पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना त्याची चांगली ओळख होती. याच काडतुसाच्या पितळी कोषाचे तोंड अरुंद करून त्यात कमी व्यासाची, हलकी गोळी बसवण्यात आली. ही गोळी १३० ग्रेनची, म्हणजे जेमतेम साडेआठ ग्रॅमची होती. तिचा वेग मात्र सेकंदाला ३,१४० फूट, म्हणजे साडेनऊशे मीटरच्या पुढे. त्या काळी हरणांच्या शिकारीत सर्वांत रुळलेले .३०-३० हे काडतूस ११ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ६७० मीटर वेगाने फेकत असे. झाडीत शंभर पावलांवर ते उत्तम काम देई; दरीपलीकडे त्याचा भरवसा नव्हता.

नव्या काडतुसाचे सुरुवातीला फारसे स्वागत झाले नाही. एवढ्या हलक्या गोळीने मोठे हरीण पडेल का, अशी शंका जुन्या शिकाऱ्यांना वाटे. ओकॉनर यांनी मात्र हे काडतूस लवकरच आपलेसे केले आणि अनुभवाच्या जोरावर त्याविषयी लिहायला सुरुवात केली. १९४१ मध्ये आउटडोअर लाइफ या मासिकाच्या शस्त्रविभागाची धुरा त्यांच्याकडे आली. ती त्यांनी १९७२ पर्यंत सांभाळली. १९४५ मध्ये प्राध्यापकी सोडली, पण वर्ग सुटला नाही. त्याचे बाक देशभर पसरले, एवढेच. .२७० हे काडतूस अमेरिकेत घरोघरी पोहोचले त्याचे फार मोठे श्रेय ओकॉनर यांच्या लेखणीला दिले जाते.

त्यांच्या यशाचे रहस्य भाषेत होते. बंदुकांवरील लेखन तोवर बरेचसे कोष्टकांत आणि तांत्रिक परिभाषेत अडकलेले असे. कादंबरीकार ओकॉनर यांनी त्यात माणसे, डोंगर, हवामान, फजिती आणि विनोद आणला. आकडे ते देत, पण आकड्यामागचे कारण सांगून. उदाहरणार्थ, नेमाची जुळणी कशी करावी? .२७० रायफलीचा नेम शंभर यार्डांवर सुमारे तीन इंच वर लागेल असा बसवला, तर गोळी पावणेतीनशे यार्डांच्या आसपास पुन्हा नेमक्या रेषेवर येते. हरणाच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग आठ-दहा इंचांचा असतो. म्हणजे या संपूर्ण टप्प्यात मधोमध नेम धरला, तरी गोळी मर्मस्थानी लागते. अंतराचा अंदाज घेताना नवशिक्या हमखास चुकतो. सरळ मार्गाची गोळी त्याची ही चूक पोटात घालते.

धक्क्याची भीती

परंतु ओकॉनर यांच्या विचाराचा गाभा याहून खोल होता. रायफल उडते तेव्हा ती मागे धक्का देते. गोळी जितकी जड आणि वेगवान, तितका धक्का मोठा. रायफल जितकी हलकी, तितका तो अधिक जाणवतो. .२४३ सारख्या लहान काडतुसाचा धक्का .३०-०६ च्या साधारण निम्मा असतो, तर .३०० मॅग्नम जातीच्या काडतुसांचा धक्का .३०-०६ च्या दीडपट किंवा त्याहूनही अधिक भरतो. अनुभवी माणूस तो सोसतो. नवशिक्याचे मन मात्र दोन-चार बारांतच तो धक्का लक्षात ठेवते. पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच त्याचे डोळे मिटतात, खांदा आक्रसतो आणि बोट हिसका देते. नळी हलते ती गोळी बाहेर पडण्यापूर्वी. शिकाऱ्याला वाटते, की आपण नेम बरोबर धरला होता.

कागदी लक्ष्यावर या चुकीची किंमत शून्य असते. रानात ती हरणाला मोजावी लागते. फुफ्फुसांत लागलेली गोळी हरणाला काही क्षणांत खाली आणते. तीच गोळी वीतभर मागे, पोटात लागली किंवा तिने पाय मोडला, तर हरीण पळून जाते आणि कित्येक तासांनी, कधी काही दिवसांनी, झाडीत कुठेतरी तडफडून मरते. अशा जखमी जनावराचा कोणत्याही नोंदवहीत हिशेब नसतो. गोळीचा व्यास वाढवून ही चूक भरून निघत नाही, हे ओकॉनर यांचे ठाम मत होते. मोठ्या गोळीने पोटात केलेली जखम ही अखेर पोटातलीच जखम. म्हणूनच माणसाने आपल्याला झेपेल ती रायफल घ्यावी, ती भरपूर चालवावी आणि नेम धरण्याजोगी स्थिती आल्यावरच चाप ओढावा, असा त्यांच्या सल्ल्याचा सारांश होता.

एलिनॉरची रायफल

या सल्ल्याचा सर्वांत बोलका पुरावा त्यांच्या घरातच होता. एलिनॉर ओकॉनर चणीने लहान होत्या, पण पतीच्या बरोबरीने डोंगर तुडवत. त्यांची आवडती रायफल होती ७ गुणिले ५७ मिलिमीटर माउझर या काडतुसाची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत तयार झालेले हे काडतूस धक्क्याला सौम्य आणि माऱ्याला नेमके. त्यांच्या गोळ्या क्वचितच वाया जात, कारण त्यांना आपल्या रायफलीची भीती वाटत नसे आणि नेम पक्का झाल्याशिवाय त्या चाप ओढत नसत. अमेरिकेत आणि आफ्रिकेत त्यांनी या रायफलीने केलेल्या शिकारी ओकॉनर यांच्या लेखनात वारंवार येतात. मोठ्या जनावरांसाठी त्या .३०-०६ वापरत, आफ्रिकेत त्यांनी त्याच काडतुसाने हत्तीही मारला.

मराठी वाचकांना या काडतुसाची एक ओळख आधीपासूनच आहे, फक्त वेगळ्या नावाने. लंडनच्या रिग्बी कंपनीने हेच काडतूस .२७५ रिग्बी या नावाने विकले. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ मध्ये मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना संयुक्त प्रांताच्या नायब राज्यपालांनी भेट दिलेली रायफल याच काडतुसाची होती. कुमाऊंच्या डोंगरांत कॉर्बेट यांच्या खांद्यावर असलेले आणि ॲरिझोनातील एका गृहिणीने निवडलेले काडतूस एकच असावे, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. डोंगरात पायी भटकणाऱ्या नेमबाजाची गरज दोन्हीकडे सारखीच होती.

आयडाहोतील दोन ध्रुव

१९४८ मध्ये ओकॉनर कुटुंब आयडाहो राज्यातील लुइस्टन येथे स्थायिक झाले. त्याच राज्यात, सॅमन या गावी, त्यांचा आयुष्यभराचा प्रतिस्पर्धी राहत होता. एल्मर कीथ हे पशुपालनाच्या मुलखात घडलेले, अनुभवाच्या शाळेत शिकलेले बंदूकतज्ज्ञ. त्यांचा विश्वास मोठ्या व्यासावर आणि जड गोळीवर. .२७० हे काडतूस फार तर कोल्ह्यालांडग्यांच्या लायकीचे, असा त्यांचा शेरा असे. दोघांचा वाद मासिकांच्या पानांतून वर्षानुवर्षे रंगला आणि अमेरिकेतील शिकारी दोन पंथांत विभागले गेले.

कीथ यांच्या बाजूनेही तथ्य होते. त्यांच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने एल्क होते. एल्क म्हणजे सांबराच्या जातकुळीतला, पण त्याहून मोठा प्राणी. दाट झाडीत तो पाठमोरा पळत असताना गोळीला शरीराचा मोठा भाग भेदून मर्मस्थानी पोहोचावे लागते. तेथे वजनदार गोळी उपयोगी पडते, हे खरेच. ओकॉनर यांनीही प्रत्येक जनावरासाठी .२७० चाच आग्रह धरला नाही. .३०-०६ हे सर्वांत बहुगुणी काडतूस आहे, हे त्यांना मान्य होते आणि आफ्रिकेतील मोठ्या, धोकादायक जनावरांसाठी ते .३७५ सारख्या भारी रायफली वापरत. मतभेद खरा होता तो माणसाविषयी. कीथ यांचा आदर्श शिकारी रोज बंदूक हाताळणारा, कसलेला माणूस होता. ओकॉनर ज्याच्यासाठी लिहीत तो वर्षातून एकदा, आठ-दहा दिवसांची रजा काढून रानात जाणारा कारकून, दुकानदार किंवा शिक्षक होता. अशा माणसाच्या हाती तोफ देणे म्हणजे हरणावर अन्याय.

दुसऱ्या महायुद्धानंतर बाजाराचा कल मात्र ताकदीकडे झुकला. १९५८ मध्ये .३३८, १९६२ मध्ये ७ मिलिमीटर आणि १९६३ मध्ये .३०० अशी मॅग्नम काडतुसे एकामागून एक आली. अधिक वेग, अधिक पल्ला, अधिक जोर ही जाहिरातींची भाषा झाली. नव्या शिकाऱ्यालाही वाटू लागले, की साधे काडतूस घेणे कमीपणाचे आहे. या लाटेतही ओकॉनर यांनी सौम्य काडतुसांची बाजू सोडली नाही. कंपनीच्या दडपणाखाली येणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. ज्या विंचेस्टर कंपनीच्या काडतुसाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले, तिने १९६४ मध्ये आपल्या गाजलेल्या रायफलीची घडण स्वस्त केली, तेव्हा त्यांनी नापसंती लपवून ठेवली नाही.

याच काळात, १९५५ मध्ये, विंचेस्टरने .२४३ हे आणखी सौम्य काडतूस आणले होते. मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी ते चटकन लोकप्रिय झाले. त्यावर आजही एक रास्त आक्षेप घेतला जातो. धक्का कमी हे खरे, पण सहा-साडेसहा ग्रॅमच्या गोळीत चुकीला फारशी जागा उरत नाही. त्यामुळे ते नवशिक्याचे नव्हे, जाणकाराचे हत्यार आहे. म्हणजे सौम्यतेलाही खालची मर्यादा आहेच. कोलोरॅडोसारख्या राज्याने हरणांच्या शिकारीसाठी किमान .२४ कॅलिबरची अट घातली आहे ती याचसाठी. .२४३ ते .३०-०६ या दोन टोकांच्या मधला टप्पा, म्हणजे ७ मिलिमीटर माउझर आणि .२७० यांचा पट्टा, नवशिक्याला सर्वाधिक मानवतो. गोळीत पुरेसा जोर असतो आणि खांद्याला पेलवेल इतकाच धक्का.

अखेर आणि वारसा

ओकॉनर जगभर फिरले. आफ्रिका, इराण, भारत, कॅनडाचे उत्तरेकडील पर्वत अशा अनेक ठिकाणी त्यांनी शिकार केली. रानमेंढ्या हे त्यांचे खरे वेड होते. १९७४ मध्ये त्यांनी त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. स्पोकेन येथील कारागीर अल बीसन यांनी अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवून घडवलेल्या त्यांच्या .२७० रायफली अमेरिकेतील शिकाऱ्यांत दंतकथेसारख्या प्रसिद्ध झाल्या. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे रायफलीवरील पुस्तक अनेक वर्षे नवशिक्यांचे पाठ्यपुस्तक ठरले. स्वभाव मात्र तिखट होता. मूर्ख प्रश्नाची ते गय करीत नसत आणि मतभेदांत त्यांची लेखणी बोचरी होई.

१९७२ मध्ये ते मासिकातून निवृत्त झाले. त्याच वर्षी भारतात शिकारबंदीचा कायदा झाला. ज्या देशात ते शिकारीसाठी येऊन गेले होते, तेथील एक युग संपले. निवृत्तीनंतरही त्यांचे लेखन थांबले नाही. २० जानेवारी १९७८ रोजी, शहात्तरावा वाढदिवस दोन दिवसांवर आला असताना, हवाई बेटांवरून परतणाऱ्या जहाजावर त्यांचे निधन झाले. २००६ मध्ये लुइस्टन येथे त्यांच्या नावाने संग्रहालय आणि शिक्षणकेंद्र सुरू झाले.

.२७० काडतुसाला २०२५ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली. दरम्यान नवी काडतुसे आली. २००७ मध्ये आलेले ६.५ क्रीडमूर हे काडतूस नवशिक्यांत विलक्षण लोकप्रिय ठरले. त्यामागची कारणेही तीच: सौम्य धक्का आणि भरवशाचा नेम. काडतुसाचे नाव बदलले, तर्क जुनाच राहिला. मॅग्नमच्या गर्जनेत हरवल्यासारखा वाटणारा प्राध्यापकांचा सल्ला बाजारानेच वेगळ्या वेष्टनात पुन्हा स्वीकारला.

शिकार असावी की नसावी, याविषयी आपल्या समाजाने आपला कौल दिला आहे. पण जेथे ती आहे, तेथे प्राणी कसा मरतो हा प्रश्न उरतोच. ओकॉनर यांनी आयुष्यभर त्याच प्रश्नाला उत्तर दिले, जरी वरकरणी ते व्यास, ग्रेन आणि वेग यांच्याविषयी बोलत राहिले. नवशिक्याच्या हातातील रायफल मोठी आहे की लहान, याने हरणाला काही फरक पडत नाही. चाप ओढताना त्या माणसाचे डोळे उघडे होते की मिटलेले, यावर त्याचे मरण क्षणाचे की दिवसांचे, हे ठरत असते.